शेगडी बंद खोलीत नको

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

कडाक्याच्या थंडीचा इशारा आला की रजया आणि स्वेटर बाहेर निघतात आणि तयारी झाली, असे घरोघरी समजले जाते. माझाही हाच समज होता. काही वर्षांपूर्वी अशाच एका रात्री आईला थंडीने झोप लागेना, म्हणून मी निखाऱ्यांची शेगडी तिच्या खोलीत ठेवली, खिडकी घट्ट लावली आणि दाराखालच्या फटीत जुनी चादर कोंबली. पहाटे ती डोके गच्च धरून उठली, दोन पावले टाकली आणि भिंतीचा आधार घेत खाली बसली. खोलीत ना धूर होता ना वास, त्यामुळे पित्त झाले असेल असे मी धरून चालले होते. शेजारच्या काकूंनी मात्र शेगडी पाहताच खिडकी उघडली आणि तिला मोकळ्या हवेत आणले, म्हणून ती वाचली.

निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नसतो आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे झोपलेला माणूस जागा न होताच दगावू शकतो. डोकेदुखी, मळमळ, गुंगी असा त्रास घरातल्या दोघातिघांना एकाच वेळी होऊ लागला, तर औषध शोधत न बसता आधी सर्वांनी बाहेर पडावे. पेटती शेगडी झोपायच्या खोलीत न्यायची नाही आणि हवा खेळत नसलेल्या न्हाणीघरात गॅस गिझर बसवायचा नाही, हे थंडीची लाट येण्याआधीच घरात ठरलेले असावे, कारण मध्यरात्री कुडकुडणाऱ्या माणसाला एवढा विचार सुचत नाही.

विजेचा हीटर त्यापेक्षा बरा, पण 2000 वॅटचा हीटर 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर वीज ओढतो. साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर तो लावला की प्लगच्या पिना तापतात आणि भोवतीचे प्लास्टिक तपकिरी पडू लागते; तो डाग दिसला की हीटर तत्काळ बंद करावा. पडदे आणि अंथरूण त्याच्यापासून निदान 1 मीटर दूर असावे.

पारा शून्याखाली उतरणाऱ्या भागात नळांचीही काळजी घ्यावी लागते. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगते आणि पाइप तडकतो, म्हणून उघड्या पाइपांना आवरण घालावे आणि मुख्य कॉक कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे.

सर्वांत जास्त जपावे लागते ते म्हाताऱ्या माणसांना. त्यांना थंडी वाजते आहे हेच कित्येकदा उशिरा कळते. शरीराचे तापमान 35 अंश सेल्सिअसखाली गेले की बोलणे अडखळते, भान हरपू लागते. अशा वेळी अंगाचे कापरे थांबले तर ते बरे वाटल्याचे नव्हे, धोका वाढल्याचे लक्षण असते. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या दारावर सकाळ-संध्याकाळ कोण थाप मारणार, हेही शेजाऱ्यांनी आधीच वाटून घ्यावे.

आपल्याला एकच विनंती आहे. थंडीच्या लाटेची बातमी छापताना किमान तापमानाच्या आकड्याशेजारीच, ठळक अक्षरांत, बंद खोलीत शेगडी पेटवू नये, ही एक ओळ रोज द्यावी. त्या रात्री माझ्या घरात वर्तमानपत्र होते आणि त्यातला थंडीचा आकडाही मी वाचला होता.

आपली,
एक वाचक