मंजे, आवाज बंद करून बघ

सांगली, रविवार रात्र

प्रिय मंजे,

आठ महिन्यांनी लिहितेय. शिव्या आधी देऊन घे, मग पुढचं वाच. माझी शुगर आटोक्यात आहे, गुडघा जैसे थे. झालं.

काल ओवीनं तुझा तो लाडका ॲनिमेशनचा सिनेमा 'अप' लावला. अण्णांची खुर्ची टीव्हीसमोरच, म्हणून तेही प्रेक्षक. पार्किन्सननं त्यांचा चेहरा आता पार थिजलाय गं. राग, लोभ, मीठ कमी, सगळ्याला एकच चेहरा. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "ओवी, बदल ते, आजोबांना काही कळत नाहीये!" त्यांच्यासमोर.

पण त्याआधीचं पाप सांगायचंय, आणि ते तुलाच सांगता येईल. आपलं 2004 च्या त्या आगगाडीच्या सिनेमावरून झालेलं भांडण आठवतंय? 'पोलर एक्स्प्रेस'. मी म्हणत होते, कॉम्प्युटरवर काय हुबेहूब माणसं केलीत! तू मध्यंतरात उठलीस. "मढ्यांना स्वेटर घातलेत," म्हणालीस. माझे तिकिटाचे पैसे अजून दिलेले नाहीस. नटांच्या चेहऱ्यावर ठिपके चिकटवून हालचाल टिपली, पण बुबुळांवर ठिपका कुठून चिकटवणार, म्हणून नजर मेली, असं तू रिक्षात समजावत होतीस. आणि तो जपानचा मोरी, रोबोंवाला. 1970 मध्येच लिहून गेला म्हणे, की बाहुली माणसासारखी होत गेली की आपल्याला आवडत जाते, आणि अगदी माणसाजवळ पोचली की एकदम अंगावर काटा येतो. मी म्हटलं होतं, बाहुल्या हलवून पोट भरणाऱ्या तुम्हा ॲनिमेशनवाल्यांचं हे तत्त्वज्ञान. तू महिनाभर बोलली नाहीस. बरोबरच होतं तुझं.

कारण मंजे, गेले काही महिने अण्णांकडे बघून मला तसा काटा येतो. माझ्या बापाकडे बघून. पापण्यासुद्धा फार लवत नाहीत आता त्यांच्या. तू म्हणायचीस ना, पापणी लवली की प्रेक्षकाला वाटतं, विचार बदलला. इथे पापणी लवतच नाही, म्हणून आत विचारच नाही असं मी धरून चालले. भरवताना मी भिंतीकडे बघते. हेच ते अण्णा, जे पाध्यांच्या खेळात अर्धवटरावाला प्रेक्षकांतून मोठमोठ्यानं उत्तरं देत होते आणि आपण दोघी लाजेनं खुर्चीखाली जात होतो!

तर काल. मी पदराला हात पुसत बाहेर आले, तेव्हा ती संवाद नसलेली चार मिनिटं चालू होती. लग्न, घर, पैसे साठवायची बरणी, म्हातारपण. त्यातला तो नवरा, कार्ल, तर नुसता चौकोनी ठोकळा. खरा माणूस असा दिसतो का कुठे? पण तो नि त्याची बायको शेजारी बसून वाचतात आणि मधे हातात हात. अण्णांच्या शेजारी आईची खुर्ची असते, ओवीचं दप्तर ठेवायला. दिवसभर मांडीवर थरथरणारा त्यांचा उजवा हात त्या खुर्चीचा दांडा घट्ट धरून होता. थरथर नव्हती. चेहरा? कोरा. तस्साच.

रात्री झोप नाही. तू हॉस्टेलवर घासलेल्या सीडीवर दाखवलेले 'लक्सो ज्युनिअर' या 1986 च्या छोट्या ॲनिमेशनपटातले ते दोन टेबललॅम्प आठवत राहिले. त्यांना ना डोळे, ना तोंड. चेंडूतली हवा गेली आणि धाकट्या दिव्यानं मान खाली घातली, तर तू रडलीस आणि मी तुला खुळी म्हटलं. टेबललॅम्पची मान मला तेव्हाही कळली होती गं, कबूल केलं नाही एवढंच. मग घरातल्या माणसाची का कळू नये? तोंडाकडेच बघत बसले म्हणून? की आई गेल्यावर मला कळूनच घ्यायचं नव्हतं? दादा फोनवर म्हणाला, "तू फार विचार करतेस." तो तिकडे आहे, त्याला म्हणायला काय जातंय.

तुझ्या स्टुडिओतल्या कपातीचं काय झालं? आणि घटस्फोटाचे कागद आले का? नीट लिही, इमोजी नकोत.

एक काम आहे. सोबत व्हिडिओ पाठवतेय, अण्णा आज सकाळी चहा पिताना, तीन मिनिटांचा. तुम्ही लोक बघता तसा आवाज बंद करून बघ. मान, खांदे, बोटं. दुसऱ्या मिनिटाला कप खाली ठेवायच्या आधी ते जरा थांबतात. मी तो तुकडा वीसेक वेळा बघितला. मला वाटतं ते हसतायत. तुला काय दिसतं ते कळव.

तुझी,
खुळी

ता.क. तिकिटाचे पैसे माफ.