दोन श्वास उशिरा

प्रिय सुध्या,

दीड वर्ष पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालत असशील तर चालू ठेव, तुझा हक्कच आहे. तब्येत बरी. गुडघा कुरकुरतो, बाकी ठीक.

आता खाली बस आणि मग पुढचं वाच. मी १० दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाऊन आलो. हो, मीच. "डोळे मिटून बसायला शिबिर कशाला, आमच्या ऑफिसात रोज तेच चालतं" असं तुला म्हणणारा मी. हस, पोटभर हस. मंदीला मात्र सांगू नकोस, ती दवंडी पिटेल.

पहाटे चारची घंटा, मौन, सुरुवातीचे तीन दिवस नुसता नाकाशी श्वास, चौथ्या दिवसापासून अंगभर संवेदना बघत फिरणं, हे तुला ठाऊकच आहे. सहाव्या दिवशी मी बॅग भरली होती. थांबलो ते काही साक्षात्कार झाला म्हणून नाही. पळून आल्याचं तुला कळलं तर तू काय म्हणशील, या धाकाने थांबलो.

पण पत्र त्यासाठी नाही. परवा दादाचा फोन आला. तोच विषय. त्याने ते नेहमीचं वाक्य टाकलं, माझा जबडा आवळला, छातीत गरम व्हायला लागलं, आणि सुध्या, मला ते होताना दिसलं. मग मी ओरडलोच. पण दोन श्वास उशिरा. हिला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे ओरडलासच ना शेवटी?" आता हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

तेव्हापासून डोक्यात एकच किडा वळवळतोय. ही श्रद्धा म्हणायची का? असली तर कशावर, दोन श्वासांवर? रोज सकाळी तासभर बसतो. बहुतेक दिवशी काहीच घडत नाही, वाणसामानाची यादी तेवढी तयार होते. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतो. हा विश्वास की नुसता हट्ट? आपल्या बंड्यासारखं, दर पावसाळ्यात नवा गुरू, असं तर नाही ना होत माझं? 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणताना जीभ अजून अडखळते. तो शरण शब्दच मला टोचतो.

आपलं ते भांडण आठवतं? मी कालामसुत्त, बुद्धांचं ते प्रवचन, तुझ्या तोंडावर फेकलं होतं. केसपुत्त गावच्या कालाम लोकांना बुद्धच सांगतात ना, की ऐकीव म्हणून, परंपरा म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू म्हणतो म्हणून मानू नका! तू शांतपणे म्हणालास, "त्याच यादीत तर्कही आहे, नीट वाच." मी तीन आठवडे तुझ्याशी बोललो नाही. आता वाचलं. आहे रे. तर्काला पटतं एवढ्यावरही मानू नका. हे अकुशल आहे, याने अहित होतं, असं स्वतः जाणाल तेव्हा सोडा. मी आपल्या सोयीच्या ओळीपर्यंत वाचून पुस्तक मिटलं होतं.

आणि विसुद्धिमग्गात, त्या साधनेवरच्या जुन्या पाली ग्रंथात, आचार्य बुद्धघोष काय म्हणतात माहितेय? प्रज्ञा जबर पण श्रद्धा दुबळी असलेला माणूस औषधानेच झालेल्या रोगासारखा असतो, बरा होणं कठीण. दीड हजार वर्षांपूर्वी माझा केसपेपर लिहून ठेवलाय! श्रद्धा जबर आणि प्रज्ञा दुबळी असेल तर माणूस भलत्यावरच विश्वास टाकतो, असंही तिथेच आहे. म्हणजे बंड्याचाही केसपेपर झाला.

तुझी बदली, काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन, सगळं मंदीकडून कळलं. बरं झालं. पिल्लू पास झाली, तिला शाबासकी.

एक राहिलं. तू तुझ्या शिबिराहून आलास तेव्हा काहीतरी सांगायला बसला होतास, दहाव्या दिवशी मौन सुटल्यावर तुला काय झालं ते. मी मध्येच विनोद केला आणि तू गप्प झालास. माझा विनोद आठवतो, तुझं वाक्य आठवत नाही. ते पुरं करून पाठव.

तुझा,
बाळ्या