कापलेल्या स्प्रिंगा आणि कोरी आरसी: परिवहन मंत्र्यांना जालन्याहून खुलं पत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: इलेक्ट्रिक गाड्यांचं सस्पेन्शन खाली घेण्याच्या कामाला ठरलेलं माप आणि आरसीवर नोंद मिळण्याबाबत

साहेब, सप्रेम नमस्कार.

जालन्यात माझं सस्पेन्शनचं गॅरेज आहे. सुरुवात मामाच्या हाताखाली झाली. उसाच्या ट्रॉल्या आणि सळई वाहणारे ट्रक यांचे कमानपाटे उतरवायचे, तापवायचे, ठोकून परत चढवायचे. मग कार आल्या, स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब) आले, शॉकअप आले, आणि गेल्या काही वर्षांत इलेक्ट्रिक गाड्या. गाडी कुठलीही असो, माझ्याकडे येणारं जवान पोरगं एकच वाक्य बोलतं: "काका, गाडी लई उंच दिसायली. चाकाच्या वर आख्खा हात जायलाय. दोन इंच खाली घ्या, पण आदळली नाही पाहिजे."

या वाक्याचा शेवटचा तुकडा महत्त्वाचा. गाडी खाली घेणं कुणालाही जमतं. आदळू न देणं हे काम आहे.

आधीच सांगून टाकतो, मी गाड्या खाली घ्यायच्या बाजूनं भांडायला हे लिहीत नाही. आलेल्या दहातल्या सहा-सातांना मी चहा पाजून परत पाठवतो. मराठवाड्यातल्या रस्त्यांवर गाडी जेवढी उंच तेवढी सुखी, असं माझं मत आहे. तक्रार वेगळी आहे. मी ज्यांना परत पाठवतो ते घरी जात नाहीत, पुढच्या वळणावर ग्राइंडरवाल्याकडे, म्हणजे ग्राइंडरनं स्प्रिंगच कापून देणाऱ्याकडे जातात. आणि ग्राइंडरवाल्यात व माझ्यात आपलं खातं काहीच फरक करत नाही.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. घनसावंगीकडचा एक मुलगा त्याची इलेक्ट्रिक गाडी घेऊन आला. सेकंडहँड घेतलेली, चारही स्प्रिंगांचे दीड-दीड वेढे कापून खाली बसवलेली. काम कुठं केलं ते त्यानं सांगितलं, मी इथे लिहीत नाही. त्याची आई मागच्या सीटवर दोन उशा घेऊन बसलेली. गाडी रॅम्पवर घेतली. पुढच्या स्ट्रटमधला बंप स्टॉप, म्हणजे स्प्रिंग पुरती दबली की शेवटचा मार खाणारा रबराचा ठोकळा, पार भुगा होऊन शॉकअपच्या दांड्याला चिकटला होता. चाक हवेत सुटलं की स्प्रिंग आपल्या बैठकीत सैल होऊन खुळखुळत होती. कापल्यामुळं तिला तिथं घट्ट धरणारा ताणच उरला नव्हता. आणि पोटाखाली बॅटरीचं कवच. त्याच्या पुढच्या कडेच्या चार बोल्टांची डोकी घासून अशी चकचकीत झाली होती की टॉर्च मारला की डोळ्यावर तिरीप यायची. एका जागी पत्रा आत गेला होता, माझं अर्धं बोट मावेल एवढा.

पेट्रोल गाडीत त्या जागी सायलेन्सरचा पाइप असतो. घासला तर आवाज वाढतो, हजार-दोन हजारांत वेल्डिंग होतं. इलेक्ट्रिकमध्ये तिथं अडीचशे-तीनशे किलोची बॅटरी आडवी झोपलेली असते, आणि गाडीतली सगळ्यात महाग वस्तू तीच. तो पत्रा अजून थोडा आत गेला असता तर काय झालं असतं, हे मी त्या आईसमोर बोललो नाही.

आता हिशेब मांडतो. लांबेल, पण याच्याशिवाय मागणी समजणार नाही.

गाडी आरामशीर वाटते ती स्प्रिंग मऊ असते म्हणून एवढंच नाही. तिचं डोलणं माणसाच्या चालण्याच्या लयीजवळ असतं, मिनिटाला साठ ते नव्वद. त्याहून भरभर झालं की हादरे बसतात, मान दुखते. स्प्रिंग जितकी कडक तितकं डोलणं भरभर. मग मऊच ठेवा की? पण मऊ स्प्रिंगला दबायला जागा लागते. समजा, उभ्या गाडीत चाकाला वर जायला ८० मिलिमीटर जागा आहे. गाडी ४० नं खाली घेतली, जागा निम्मी उरली. तोच खड्डा निम्म्या जागेत जिरवायचा तर स्प्रिंग दुप्पट नाही, चौपट कडक लागते, कारण स्प्रिंग किती मार पोटात घेते ते दबण्याच्या अंतराच्या वर्गानं वाढतं. चौपट कडक स्प्रिंगवर बसून अंबडला जाऊन या म्हणावं.

कापलेल्या स्प्रिंगचं काय होतं पाहा. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होतेच. सहातले दीड कापले तर एक तृतीयांशानं कडक होते. लागते चौपट, मिळते सव्वापटीच्या जरा वर. मधला सगळा मार बंप स्टॉपवर, तिथून बॉडीवर, तिथून आईच्या कमरेवर. पोरांना वाटतं शॉकअप खराब आहे. शॉकअप बिचारा मूळ स्प्रिंगच्या मापानं भरलेला, त्याचा यात काही दोष नसतो.

नीट काम वेगळं असतं. मी गाडी २० मिलिमीटरपेक्षा जास्त खाली घेत नाही. तेवढ्यात ८० तले ६० उरतात, हिशेब आवाक्यात येतो. स्प्रिंग अशी घ्यायची की सुरुवातीला मऊ आणि दबत गेली की कडक होत जाणारी. तिच्या जोडीला त्याच वजनाला जुळणारा शॉकअप, कारण इलेक्ट्रिक गाडी तिच्याच पेट्रोल भावापेक्षा बरीच जड असते आणि पेट्रोलचा शॉकअप तिला आवरत नाही. एका उंचवट्यावर ती तीनदा मान हलवते. बंप स्टॉप कापायचा नाही, हळूहळू दबणारा पॉलियुरेथेनचा घालायचा. टायर मूळ मापाचेच. मोठं रिम आणि चपटा टायर घालून वर आराम मागणाऱ्याला मी हात जोडतो, कारण टायरच्या गालातली हवा हे पहिलं सस्पेन्शन आहे.

आणि एक गोष्ट, जी चांगले चांगले मिस्त्री विसरतात. लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे बुश (सांध्यातली रबरं) गाडी जॅकवर लटकलेली असताना आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन पूर्ण बसलेलं, तेव्हा शेवटचा पाना मारायचा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं, गाडी विनाकारण कडक वाटते आणि बुश वर्षभरात फाटतो. त्यानंतर अलाइनमेंट, कॅम्बर म्हणजे चाकाचा उभा कल, हेडलाइटचा झोत. पूर्ण दिवसाचं काम आहे. ग्राइंडरवाला चारही चाकं दीड तासात उरकतो.

रेंज वाढते म्हणूनही काही लोक गाडी खाली घ्यायला येतात. समृद्धीवर नेहमी जाणारे जास्त. त्यांना मी सांगतो, १२० च्या ऐवजी १०० नं चालवा, हवेचा विरोध जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होतो आणि पाना लावावा लागत नाही. वळणावर गाडी कलते म्हणणाऱ्यालाही सांगतो, खाली घ्यायची गरज नाही, इलेक्ट्रिक गाडीचं वजन आधीच तळाला असतं. उरतो तो शौक. शौकाला माझी ना नाही, साहेब. माणसं घराला रंग शौकानंच देतात.

आता कायद्याकडे येतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करायचा नाही. फेरफार म्हणजे काय, तर रचनेतला असा बदल की ज्यानं वाहनाचं मूळ वैशिष्ट्यच बदलतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध जाता येणार नाही असं सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं: नियमाबाहेरच्या दर फेरफाराला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

आता मला सांगा, आरसीवर गाडीची जमिनीपासूनची उंची लिहिलेली असते का? नसते. मग २० मिलिमीटर हे मूळ वैशिष्ट्य आहे की नाही? एक निरीक्षक म्हणतो नाही, जा. दुसरा म्हणतो आहे, पावती फाडा. माझ्या एका गिऱ्हाइकानं वर दिलेलं सगळं काम बिलासकट करून घेतलं, अलाइनमेंटचा कागद घेतला आणि स्वतःहून एका कार्यालयात गेला, आरसीवर नोंद करा म्हणून. तिथं उत्तर मिळालं, अशी नोंदच नसते. दोन महिन्यांनी दुसऱ्या जिल्ह्यात नाक्यावर त्याला फेरफाराचा दंड झाला. दाखवायला बिल होतं, म्हणून! ज्याच्याकडे बिल नाही त्याचा फेरफार सिद्ध करायच्या भानगडीत कुणी पडत नाही. कापलेल्या स्प्रिंगचं बिल कोण देतो?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्या पंधरा वर्षांत सरकारचा कुणीही माणूस तिच्या पोटाखाली वाकून बघत नाही. म्हणजे घनसावंगीची ती गाडी कागदावर आजही जशी कारखान्यातून निघाली तशीच आहे.

सीएनजी-एलपीजीचं आपण काय केलं ते आठवा. किट बसवायचं तर मंजूर किट, मंजूर केंद्र, आरसीवर नोंद. त्याआधी लोक घरगुती सिलिंडर डिकीत घालून फिरत होते, ते आपण नुसत्या दंडानं थांबवलं नाही, सरळ रस्ताही दिला. जर्मनीत खाली घ्यायच्या स्प्रिंगा तपासणीचा कागद सोबत घेऊनच विकल्या जातात आणि तपासनीस बघून गाडीच्या कागदावर चढवतो. आपल्याकडे पुण्यात गाड्यांची तपासणी करणारी एआरएआय संस्था आहे, वाळूजला शॉकअप बनवणारे कारखाने आहेत. सामान, माणसं, तपासणीची यंत्रं सगळं राज्यातच आहे. नाही तो फक्त नियम.

नियम दिल्लीचा, हे मला कळतं. पण राज्यानं लेखी मागणी करावी: सस्पेन्शनच्या भागांना मंजुरी, जास्तीत जास्त किती खाली घ्यायचं याची मर्यादा, आणि इलेक्ट्रिक गाडीसाठी बॅटरीच्या कवचापासून जमिनीपर्यंतचं किमान अंतर, प्रवासी भरून मोजलेलं. रिकाम्या गाडीत मोजलेलं माप लग्नाच्या दिवशी खोटं ठरतं. दिल्लीचं उत्तर येईपर्यंत आपल्या अखत्यारीत एक परिपत्रक तर निघू शकतं, की निरीक्षकानं नेमकं काय बघायचं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरली की किती खाली घेतलं ते कळतं. स्प्रिंगचं टोक बघितलं की कापलीय का ते कळतं. कापलेल्या टोकाला ग्राइंडरची निळी झाक असते आणि त्यावर गंज आधी चढतो. याला यंत्र लागत नाही, फक्त वाकावं लागतं.

एक गोष्ट आपल्या खात्याची नाही, तरी बांधकाम खात्याच्या कानावर घाला. गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या जुन्या मापानं गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर लांब असतो. म्हणजे साधारण अडीच मीटर चाकांतर असलेली गाडी त्यावर अख्खी चढते, चाकंही वर जातात, आणि पोटाखालचं अंतर जेमतेम पाच सेंटीमीटर घटतं. आमच्याकडे उरलेलं डांबर रात्रीतून ओतून गतिरोधक होतात, वीतभर उंच आणि दोन हात लांब. त्यावर पुढची चाकं उतरलेली, मागची अजून चढायची, आणि वीतभर ढिगारा थेट बॅटरीखाली. तिथं मूळ उंचीची गाडीसुद्धा घासते, खाली घेतलेलीचं काय घेऊन बसलात. त्यात काळ्या मातीचा रस्ता. पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, डांबराला लाटा पडतात, आणि एका लाटेतून सावरायच्या आत दुसरी येते. कंपनी गाडी एवढी उंच का देते, हे पोरांनी मला विचारलं की मी त्यांना घेऊन गावाकडच्या रस्त्यावर एक चक्कर मारतो. निम्मे तिथंच विचार बदलतात.

त्या घनसावंगीच्या मुलाच्या गाडीला मी मूळ उंचीच्या स्प्रिंगा घातल्या, बंप स्टॉप बदलले, कवच कंपनीच्या केंद्रात तपासून घ्यायला लावलं. बॅटरी वाचली. आई परत जाताना पुढच्या सीटवर बसली, उशा मागं टाकून. त्या चार कापलेल्या स्प्रिंगा माझ्या टेबलाखाली आहेत. परिपत्रकाचा मसुदा करणाऱ्या अधिकाऱ्यांना कापलेलं टोक कसं दिसतं ते बघायचं असेल तर कळवा, मंत्रालयात पाठवून देतो. भाडं माझं.

आपला,
एक सस्पेन्शन मिस्त्री, जालना