चि. सईस, अमेरिकेतल्या कॉलेजच्या अर्जांबद्दल

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

समोरासमोर हा विषय निघाला की आपला आवाज चढतो, म्हणून लिहिते आहे. "मला जिथे अर्ज करायचाय, मामा तिथेच शिकलाय, त्याला जरा शब्द टाकायला सांग," असं तू म्हणालीस. मी मामाला सांगणार नाही, आणि का सांगणार नाही ते तुला नीट कळायला हवं.

आधी कॉमन अ‍ॅपमधला, म्हणजे अनेक कॉलेजांसाठी चालणाऱ्या त्या एकाच ऑनलाइन अर्जातला, कुटुंबाचा भाग उघड. आई-वडील किती शिकले, कुठल्या कॉलेजात, पदवी कुठली, वर्ष कुठलं, हे तिथे विचारलंय. भावंडांचंही विचारलंय. मामा, काका, आत्या यांच्यासाठी रकानाच नाही. काही विद्यापीठं आपल्या वेगळ्या प्रश्नांत इतर नातेवाइकांची चौकशी करतात, पण घरचं कोणी त्याच कॉलेजात शिकलं म्हणून अर्जाला मिळणारं वजन, ज्याला लेगसी म्हणतात, ते मुख्यतः आई-वडिलांमुळे मिळतं. हार्वर्डमध्ये तर आई किंवा वडील पदवीसाठी हार्वर्ड कॉलेजात शिकलेले असतील तरच ते धरतात. नुसतं तिथून एमबीए केलेलं चालत नाही. मामाने मास्टर्स केलंय. त्याने ओळखीच्या प्राध्यापकांना मेल केलाच, तर ते चांगुलपणाने उत्तर देतील, इतकंच. तुझा अर्ज वाचणार प्रवेश कार्यालयातली माणसं.

आता तुझ्या रागाबद्दल. तो रास्त आहे, मलाही येतो. प्रवेश देताना वंशाचा विचार होतो म्हणून हार्वर्डविरुद्ध झालेल्या खटल्यात प्रवेशाची आकडेवारी कोर्टापुढे आली, तेव्हा लेगसी अर्जदारांपैकी सुमारे ३४ टक्के मुलांना प्रवेश मिळाल्याचं दिसलं आणि बाकीच्यांपैकी जेमतेम ६ टक्क्यांना. त्यातला काही फरक घरच्या सुबत्तेचा आणि चांगल्या शाळांचा आहे, हे मान्य. पण सगळा नाही. देणगीदारांच्या आणि बड्या ओळखीच्या मुलांसाठी 'डीन्स इंटरेस्ट लिस्ट' नावाची वेगळी यादी असते, हेही त्याच खटल्यात उघड झालं. २०२३ मध्ये राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिलं की एसएटी या प्रवेशासाठीच्या परीक्षेचे गुण सारखे असले तरी सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुलं मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात या निवडक कॉलेजांत पोचतात. आणि लेगसीची ही प्रथा कशी रुजली? १९२० च्या दशकात बुद्धीच्या जोरावर ज्यू मुलं मोठ्या संख्येने आत येऊ लागली, त्यांना आवर घालायच्या खटपटीत. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने वंशाचा विचार करून दिलेले प्रवेश बंद केले. वडिलांच्या पदवीचा विचार मात्र तसाच राहिला. हा अन्याय आहे, आणि त्याला अन्यायच म्हणावं असं मला वाटतं.

पण सगळीकडे असं नाही. एमआयटी आणि कॅलटेक आई-वडील कुठे शिकले याला वजन देत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांनी १९९८ मध्येच ते सोडलं. अ‍ॅमहर्स्टने २०२१ मध्ये सोडलं. मला सगळ्यात आशा वाटते ती जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाकडे बघून, त्यांनीही ते सोडलं. तिथे नव्याने येणाऱ्या मुलांत २००९ साली १२.५ टक्के लेगसी होते, २०१९ मध्ये ३.५ टक्के उरले. त्याच काळात पेल ग्रँट या सरकारी मदतीला पात्र, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं ९ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर गेली. विद्यापीठाचं नाव काही खाली आलं नाही. २०२४ मध्ये मेरीलँड आणि कॅलिफोर्नियाने खासगी कॉलेजांनाही या प्रथेची कायद्याने मनाई केली. तुझ्या यादीत अशी कॉलेजं दोनच आहेत. ती वाढव. इतर ठिकाणी अर्ज करू नकोस असं मी म्हणत नाही, पण तिथे काही जागा आधीच दुसऱ्यांच्या पदरात पडलेल्या असतात हे धरून चाल. नकार आला तर तो तुझ्या लायकीवर घेऊ नकोस.

एक गोष्ट मात्र मी ठामपणे सांगणार. "आपल्या मागे कोणीच नाही" असं निबंधात लिहू नकोस. बाबांची आणि माझी पदवी भारतातली असली तरी पदवीच आहे, त्यामुळे घरातली पहिली शिकणारी मुलगी म्हणून तुला अर्ज करता येणार नाही. आणि करूही नये. आई-वडील कधी कॉलेजात गेलेच नाहीत अशी मुलं हा अर्ज एकटी बसून भरतात. तुझ्या निबंधाचा मसुदा बाबा रात्री जागून वाचतात, मी तारखा सांभाळते, परीक्षेची फी भरताना आपल्याला दोनदा विचार करावा लागला नाही. ही मदत कुठल्याही रकान्यात लिहायची नसते, पण ती मोठी आहे. लेगसीवर रागावताना आपल्या मागे कोण उभं आहे तेही बघ.

मामाला फोन जरूर कर. त्याच्या लॅबमध्ये पदवीच्या मुलांना खरंच काम मिळायचं का, पहिल्या वर्षीचे वर्ग किती मोठे असतात, प्राध्यापक भेटतात का, हे विचार. "हेच कॉलेज का" या प्रश्नाचं तुझं आत्ताचं उत्तर कुठल्याही कॉलेजला लागू पडेल असं आहे. त्याच्याशी बोललीस तर ते नेमकं होईल.

आणि अर्ली डिसिजनचं, म्हणजे एकाच कॉलेजला आधीच पक्का अर्ज करायचं, बटण आम्हाला दाखवल्याशिवाय दाबू नकोस. त्यात प्रवेश मिळाला की आपण त्या कॉलेजशी बांधले जातो, मग दुसऱ्या कॉलेजांची आर्थिक मदत किती आली असती हे ताडून बघता येत नाही. शनिवारी बाबा घरी आहेत, तेव्हा तिघं बसू.

तुझी,
आई