खोका उघडलास का?

चिपळूण

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

तुझ्या नव्या बिऱ्हाडी खोका पाठवलाय. वरची आंबापोळी आणि कोकमं आईची, खालचं सगळं माझं. बघून तू हसणार हे ठाऊक आहे. हस, पण परत पाठवू नकोस.

२२ जुलै २०२१ तुला आठवतो, पण पुण्यातून. पहाटे ओट्याला लागलेलं वाशिष्ठीचं पाणी बघता बघता माजघरात आलं. माडीवर चढलो तेव्हा माझ्या हातात काय होतं? देवघरातली काडेपेटी, तीही ओली. टॉर्च घरात दोन होते. एक खालच्या शोकेसच्या खणात, म्हणजे पाण्यात. दुसऱ्यातले सेल कधीचे पाझरून गेलेले. औषधं फ्रीजवर, आणि फ्रीज आडवा होऊन तरंगत होता. जिन्याच्या पायरीवरून मला सिलिंडर दिसत होता. दाव्याला बांधलेल्या वासरासारखा तो नळीला ओढ देत होता. रेग्युलेटर बंद केला होता की नाही, ते आम्हा दोघांनाही आठवेना.

म्हणून वस्तू कुठे ठेवायची तेही लिहितो. टॉर्च उशाशी, डोळे मिटून हाताला लागेल असा. सेल वर्षातून दोनदा, गणपतीत आणि शिमग्यात बदल.

लाल नळकांडं म्हणजे दोन किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक. ते शेगडीवर नको, स्वयंपाकघराच्या दाराशी अडकव. पेटलेल्या शेगडीवरून हात घालून ते काढणार कोण? पिन ओढायची, तोंड ज्वाळेच्या बुडाशी धरायचं, मूठ दाबायची आणि डावी-उजवीकडे फिरवायचं. दहाएक सेकंदांत ते रिकामं होतं, तेव्हा आधी दार पाठीशी ठेवून उभी राहा. आग मोठी असेल तर पराक्रम नको, बाहेर पड आणि १०१ लाव. काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, ते अधूनमधून बघत जा. कढईतलं तेल पेटलं तर मात्र पाण्याला हात लावायचा नाही. गॅस बंद करून वर झाकण सरकव.

गॅसचा वास आला की पंखा लावावासा वाटतो. कुठलंही बटण चालू करायचं नाही, चालू असलेलं बंदही करायचं नाही. गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचून राहतो. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या सताड उघड्या, मग बाहेर जाऊन गॅसगळतीच्या १९०६ नंबरला फोन. केशरी नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षं झाली असतील तर घरमालक ‘चालतंय की’ म्हणेल, त्याची वाट बघू नकोस. एजन्सीतून नवी आण, पैसे मी देतो.

विजेच्या डब्यात ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण आहे का बघ. ते आरसीसीबीचं, म्हणजे वीज गळली की लगेच ती तोडणाऱ्या स्विचचं. महिन्यातून एकदा दाबलं की खटकन वीज गेली पाहिजे. नाही गेली, किंवा बटणच नसेल, तर गीझर लावायच्या आधी वायरमन बोलाव. नुसत्या एमसीबीवर, म्हणजे जादा भार आला की पडणाऱ्या स्विचवर, विसंबू नकोस, माणसाला शॉक बसला तर ती पडेलच असं नाही.

औषधांच्या डब्यात विशेष काही नाही. पट्ट्या, कात्री, ओआरएस. भाजलं तर वीस मिनिटं नळाखाली धरायचं. टूथपेस्ट नको. आजीने तुझ्या कोपराला फासली होती, ती डॉक्टरांनी खरवडून काढताना तू केलेला आकांत मी विसरलेलो नाही.

शिट्टीचं तुला सगळ्यात हसू येईल. त्या दिवशी पाण्याच्या आवाजात हाका मारून माझा घसा बसला, आणि समोरच्या गच्चीवरल्यांना ऐकू गेलं नाही.

आता तो प्लास्टिकमधला कागद. लाइट नाही, रेंज नाही, आमचे फोन मेलेले. दुसऱ्या दिवशी मदतीला आलेल्या एका पोराच्या फोनला रेंज आली. त्याने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाला, लावा काका. मी नुसता उभा. तुझा नंबर मला येत नव्हता. आईलाही नाही. पोर वाट बघत थांबलं, शेवटी फोन त्याला परत दिला.

कागदावर सगळ्यांचे नंबर लिहिलेत. तो दाराच्या आतल्या बाजूला चिकटव. तुझा आता मला पाठ आहे. माझा तुला येतो का, ते रविवारी फोनवर विचारणार आहे. बघून सांगायचं नाही.

तुझा,
बाबा

ता. क. कोकमं बाहेर काढून ठेव, नाहीतर बॅटरीला वास लागेल.