वसुदेव पोलिसात असतो

बडोदे,
श्रावण वद्य षष्ठी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल शाळेतून आल्या आल्या तू मला कोंडीत पकडलंस. तू वर्गात सांगितलंस, आमच्या बाळकृष्णानं पूर उतरवला. मैत्रीण म्हणाली, हट्, आजवा धरणाचं पाणी थांबलं म्हणून उतरला. खरं कोणाचं? मी पोळ्या लाटत होते, ‘नंतर सांगते’ म्हणून सुटका करून घेतली. आता मोठ्या अक्षरात लिहितेय. जोडाक्षरं अडली तर आजीला विचार.

मैत्रिणीचं खरं आहे. २०२४ ची गोकुळाष्टमी २६ ऑगस्टला होती आणि त्या दिवशी नुसता कोसळत होता. सयाजीराव महाराजांनी शहराला प्यायला पाणी मिळावं म्हणून आजवा बांधलं, ते भरलं आणि वरचं पाणी विश्वामित्रीत आलं. धोक्याची पातळी २५ फूट, नदी गेली ३७ च्या वर. पाऊस ओसरला, वरून येणारं पाणी कमी झालं, मग पूरही उतरला.

पण आपल्या टेनामेंटच्या जिन्यावर काय झालं, ते तिला ठाऊक नाही. अष्टमीच्या रात्री आजीनं गोष्ट सांगितली होती: यमुना दुथडी भरलेली, वसुदेवाच्या डोक्यावर टोपली, बाळाचा पाय पाण्याला लागला आणि नदी उतरली. शिवाय २०१९ च्या पुरातलीही सांगितली. ती खरीखुरी, इथलीच. गोविंद चावडा नावाच्या फौजदारांनी दीड महिन्याच्या बाळाला प्लास्टिकच्या टबात घालून, टब डोक्यावर घेऊन गळाभर पाण्यातून बाहेर काढलं होतं. तू दोन्ही गोष्टी एकत्र कालवल्यास. तेव्हापासून तुझ्या लेखी वसुदेव पोलिसात असतो.

दुसऱ्या दिवशी घरात पाणी शिरलं. वीज गेलेली, सोफा तरंगतोय, आणि तू पाळण्यातला बाळकृष्ण घेऊन जिन्यावर बसलीस. त्याचा पितळी पाय पाण्यात बुडवलास आणि वाट बघत राहिलीस. पाणी उतरायचं सोडून आणखी एक पायरी चढलं. तुझी समजूत कशी काढायची, या विचारात बाबा नि मी एकमेकांकडे बघतोय, तोवर तूच म्हणालीस, “पाय केवढासा आहे त्याचा! वेळ लागणारच.” मग एक पायरी वर सरकलीस, फ्रॉकनं त्याचे पाय पुसलेस आणि गारठेल म्हणून त्याला तुझा मोजा घातलास. देव त्यात गळ्यापर्यंत मावला.

मी तोवर काय करत होते, सांगू? सौदा. फ्रीज वाचव, पायी पावागड चढीन. फ्रीज आडवा झाला तशी मी देवाशी अबोला धरला. ज्याच्याकडे मागायचं त्यालाही थंडी वाजत असेल, हे माझ्या काही डोक्यात आलं नाही. नवस बोलण्यात आमची अख्खी हयात गेली, ग. ‘देवाची इच्छा’ असंही आम्ही म्हणतो, पण बहुतेक वेळा मनासारखं झालं नाही की मगच.

संध्याकाळी मोबाइलवर मगरींची बातमी आली. त्या तीन दिवसांत शहरातून २४ मगरी पकडल्या म्हणे. बाबा काठी घेऊन जिन्यात पहाऱ्याला बसले. तू मात्र पुन्हा हात जोडलेस, “मगरीला पण तिचं घर सापडू दे.” बाबांनी काठी काही खाली ठेवली नाही. ठेवूही नये, श्रद्धा असली तरी मगर ती मगरच.

तेव्हा उद्या मैत्रिणीला सांग, आजव्याचं तुझं बरोबर. मोज्याचं सांगायचं की नाही, ते तुझं तू ठरव. ती हसली तर रागावू नकोस.

आणि फ्रीज गेला तो गेलाच, तरी दिवाळीनंतर पावागडला जाऊ या. मी पायी चढणार. तू दमलीस तर आजीबरोबर रोपवेनं ये.

तुझी,
आई