मूळ तक्ते कुठे आहेत, मंत्रिमहोदय?

प्रति,
माननीय केंद्रीय पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : पर्यावरणविषयक अभ्यासांची मूळ आकडेवारी खुली करण्याबाबत आणि ते अभ्यास पुन्हा करून पाहण्याची सोय करण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

मी इंदूरच्या एका महाविद्यालयात आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवले. आता निवृत्त आहे. आपल्यामागे किती कामे असतात याची मला कल्पना आहे, आणि उगाच कुणाचा वेळ घ्यायची मला सवय नाही. पण गेल्या आठवड्यात टपालाने एका ओळीचे उत्तर आले आणि त्यानंतर गप्प बसणे मला जमले नाही.

प्रकरण असे आहे. आमच्या भागातल्या एका तळ्याचा गाळ काढला, जलकुंभी (जलपर्णी) काढली, काठाने फिरायला रस्ता केला, दिवे लावले. त्यानंतर एका सरकारी कचेरीने अहवाल काढला की या कामामुळे तळ्यावरचे पाणपक्षी वाढले. तळ्याचे आणि कचेरीचे नाव मी लिहीत नाही, कारण अशी तळी आणि अशा कचेऱ्या देशभर आहेत. अहवाल गुळगुळीत कागदावर छापलेला, मुखपृष्ठावर चक्रवाकाचा फोटो. आत दोन खांबांचा आलेख : कामाआधीचा खांब बुटका, नंतरचा उंच. मोजणी कुणी केली, कुठे उभे राहून केली, किती वाजता, किती वेळ, याबद्दल अक्षर नाही.

मी मूळ तक्ते मागितले. साहेबांनी बसवून घेतले, चहा दिला, "मॅडम, महीने भर में पूरा डाटा आपके हाथ में होगा," म्हणाले आणि माझ्या अर्जावर तसा शेराही मारला. महिना गेला, पावसाळा गेला. फोन केला की साहेब दौऱ्यावर. शेवटी माहिती अधिकारात अर्ज टाकला, तेव्हा उत्तर आले : "मूल प्रपत्र कार्यालय में संधारित नहीं हैं।"

म्हणजे तक्ते जपलेच नाहीत. अहवाल कपाटात आहे, त्याच्या आधारावर पुढच्या तळ्याचा प्रस्ताव गेला आहे, आणि ज्या कागदांवरून हे सगळे सिद्ध झाले म्हणायचे ते कागद नाहीत.

पक्षी मोजायचे म्हणजे काय असते, ते सांगते. जानेवारीत सकाळी सातला तळ्यावर धुके असते. अडई बदकांचा थवा पाण्यावर दाट बसलेला असतो. एकेक पक्षी मोजता येत नाही. मग दुर्बिणीतून दहा पक्षी मोजायचे, तेवढा तुकडा नजरेत पक्का करायचा आणि तो थव्यावर किती वेळा बसतो ते बघत पुढे सरकायचे. शेजारी उभा असलेला विद्यार्थीही तेच करतो, आणि दोघांचे आकडे क्वचितच जुळतात. वारकरी पक्षी जलकुंभीच्या आड गेले की गेले. ऊन वर आले की जांभळ्या पाणकोंबड्या पाणगवतात शिरतात. बांधावरून मोजले तर एक आकडा, पलीकडच्या काठावरून मोजले तर दुसरा. म्हणून आम्ही फॉर्मवर जागा, वेळ, आभाळ, मोजणाऱ्याचे नाव, सगळे लिहितो आणि दोघांचे आकडे वेगवेगळे ठेवतो.

आता विचार करा. तळ्यावरची जलकुंभी काढली, पाणी मोकळे झाले. पूर्वी जे पक्षी आडोशाला होते ते आता उघड्यावर दिसू लागले. मग पक्षी वाढले, की नुसते दिसू लागले? आणि त्या वर्षी आसपासची लहान डबकी आटली असतील, तर तिथलेही पक्षी इथेच गोळा झालेले असणार. याचे उत्तर त्या तक्त्यांतच मिळाले असते. वाण्याने नुसती बेरीज सांगितली तरी आपण यादी मागतो, आणि इथे सरकारी पैशाचा हिशेब आहे.

१९८७ पासून दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. त्यात बहुतेक माणसे पदरमोड करून येतात, थंडीत कुडकुडत ठरलेला फॉर्म भरतात आणि तो पाठवतात. शाळेतली पोरे हे करू शकतात, तर पगारी खात्याला एक फाइल सांभाळता येऊ नये?

माझे दुखणे एवढ्यावर थांबत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने ठरवले होते की अहवालातली मोजणी नीट पद्धत लावून पुन्हा करायची, आणि तोच पीएच.डी.चा विषय घ्यायचा. हुशार मुलगा, डोळा तयार, नुसत्या उडण्यावरून तलवार बदक ओळखायचा. संशोधन समितीपुढे गेला. समितीतल्या एका तज्ज्ञांनी आराखड्याची दोन पाने उलटली आणि विचारले, "इसमें नया क्या है? यह तो हो चुका है।" आराखडा नामंजूर. तो आज भंवरकुआच्या एका कोचिंग क्लासमध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या मुलांकडून पर्यायांवर खुणा करायचा सराव करून घेतो. घरी म्हातारे आईवडील आहेत, त्याला दोष कसा देऊ? पण त्याला तिथे पाहिले की माझ्या पोटात तुटते.

माझी स्वतःची गोष्टही तशीच. नोकरीत असताना मी दुसऱ्या एका तळ्यावर सलग काही हिवाळे मोजणी केली आणि निष्कर्ष निघाला की अमुक उपायाने काहीही फरक पडला नाही. मला तो महत्त्वाचा वाटला, कारण त्या उपायावर पैसे खर्च होत होते. एका नियतकालिकाने कळवले, निकाल रंजक नाही. दुसऱ्याने छापायचे पैसे मागितले. ते टंकलेखन आजही माझ्या कपाटात आहे. दुर्बीण मी प्रॉव्हिडंट फंडातून घेतली. यजमान आजारी असताना एक हिवाळा सोडला, एवढीच सुट्टी. आता मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे आणि गुडघे बांधाचा उतार उतरू देत नाहीत. घरचे म्हणतात, आई, पुरे. पुरे कसे म्हणू?

हे दुखणे एकट्या इंदूरचे नाही. २०१८ मध्ये परिसरशास्त्र आणि उत्क्रांतिशास्त्राच्या ८०७ संशोधकांना विचारणा झाली. त्यातल्या ६४ टक्क्यांनी मान्य केले की संख्याशास्त्राच्या कसोटीला न उतरलेले निकाल त्यांनी कधी ना कधी गाळले. ५१ टक्क्यांनी अनपेक्षित सापडलेली गोष्ट आधीपासूनच अपेक्षित होती असे लिहिले होते. ४२ टक्क्यांनी निकाल बघून मग आणखी नमुने घेतले होते. २०१९ च्या एका मोजदादीनुसार या दोन शास्त्रांत स्वतःला जुन्या अभ्यासाची पुनरावृत्ती म्हणवणारे निबंध आहेत ०.०२३ टक्के, म्हणजे दहा हजारांत दोन-तीन. बाकी सगळे एकदा सापडले, छापले आणि खरे मानले गेले.

त्याच्याही पुढचे ऐका. ऑस्ट्रेलियातली निलगिरीची रोपे आणि भोवतालचे गवत यांची एक आकडेवारी, आणि निळ्या टिट पक्ष्याच्या पिल्लांची दुसरी, अशा दोन आकडेवाऱ्या संशोधकांच्या १७४ गटांपुढे ठेवल्या. आकडे तेच, प्रश्न तोच. उत्तरे इतकी वेगळी आली की गवताने रोपे घटतात असे काहींना दिसले, तर काहींना बरोबर उलटे. कुणी लबाडी केली नव्हती. कोणती नोंद ठेवायची, कोणती गाळायची, कोणते गणित लावायचे, या लहान लहान निवडींनी उत्तर फिरले. एवढ्यानेही उत्तर फिरते, तर आमच्या तळ्याचा अहवाल एका माणसाने एकदा केलेल्या बेरजेवर कसा उभा राहतो?

समुद्रातल्या माशांचेही तेच झाले. पाण्याची आम्लता वाढली की प्रवाळातल्या माशांचे वागणे बिघडते, भक्षकाचा वास येऊनही ते पळत नाहीत, असे निष्कर्ष मोठमोठ्या नियतकालिकांत गाजले. मग दुसऱ्या एका गटाने तीन वर्षे, सहा जातींचे नऊशेहून अधिक मासे घेऊन ते प्रयोग पुन्हा केले. २०२० मध्ये त्यांनी लिहिले की असा परिणाम जवळजवळ दिसतच नाही. त्यांच्या परिश्रमाला काय म्हणायचे? आमच्या समितीने तर विचारले असते, यात नवीन काय?

मला कल्पना आहे, आपले अधिकारी सांगतील की परिसरशास्त्रात प्रयोग जसाच्या तसा पुन्हा होत नाही, गेला पावसाळा परत येत नाही. हे खरे आहे, मी ते वर्गात शिकवले आहे. पण म्हणूनच तर गेलेल्या वर्षाचे तक्ते सोन्यासारखे जपायला हवेत! ते वर्ष पुन्हा मोजता येणार नाही. निदान त्याचे गणित तरी पुन्हा करता यावे. त्यासाठी ना जंगलात जावे लागते, ना अनुदान लागते. फाइल खुली करावी लागते.

आणि पुन्हा तपासले नाही की काय होते, हे आपल्या खात्याला तरी कुणी सांगायला नको. राजस्थानच्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात २००४ साली कागदावर १६ ते १८ वाघ होते. पंजाचे ठसे काचेवर गिरवून केलेली ती गणना होती. २००५ मध्ये तिथे एकही वाघ नसल्याचे निश्चित झाले. आमच्या मध्य प्रदेशात पन्नाचे वाघ घटताहेत असे एक अभ्यासक आधीपासून ओरडून सांगत होता. विभाग नाकारत राहिला. २००९ मध्ये पन्नातही वाघ उरला नाही. तेव्हा त्याचे आकडे कुणी शांतपणे ताडून पाहिले असते तर? आज कॅमेरे आले, पद्धत सुधारली, २०२२ चा अंदाज ३,६८२ वाघांचा आहे. पण थोड्या जागेतल्या मोजणीवरून मोठ्या प्रदेशाचा अंदाज काढायच्या गणितावर २०१५ मध्ये भारतातल्या आणि ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी मिळून जाहीर शंका घेतली होती. अशा शंकेला एकच उत्तर असते, आकडे उघडे करणे. शिकाऱ्यांच्या भीतीने वाघांची ठिकाणे लपवावीत, ते योग्यच आहे. पण पद्धत आणि नोंदी का लपवाव्यात?

उलट गिधाडांचे उदाहरण घ्या. ९९ टक्क्यांहून अधिक पांढरपाठी गिधाडे संपली होती. २००४ मध्ये पाकिस्तानात सापडले की गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने ती मरतात. ते तिथेच सोडून दिले नाही. भारत आणि नेपाळमधली मेलेली गिधाडे तपासली, त्यांच्यातही तेच औषध, मूत्रपिंडात तोच बिघाड. दुसरे औषध, मेलॉक्सिकॅम, गिधाडांना चालते का तेही तपासले. २००६ मध्ये सरकारने गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. म्हणजे हे आपल्याला जमते. दुसऱ्याचा शोध पुन्हा तपासायला आपली माणसे तयार असली की एका जातीला तरायची संधी मिळते.

मग बाकीच्या वेळी काय होते? २ जुलै २०१७ ला नर्मदाकाठी एका दिवसात सहा कोटींहून अधिक रोपे लावल्याचे जाहीर झाले. १४ जुलै २०२४ ला आमच्या इंदुरात रेवती रेंजवर एका दिवसात ११ लाखांहून अधिक रोपे लावल्याचा जागतिक विक्रम झाला. लावलेल्यांचा आकडा सगळ्यांना तोंडपाठ आहे. जगली किती, ते कुणी, कोणत्या पट्ट्यांत, कसे मोजले, आणि उद्या माझ्यासारखी एखादी बाई टेप घेऊन त्याच पट्ट्यांत गेली तर तिला तेच रोप सापडेल का? मला या देशात झाडे हवी आहेत, म्हणूनच विचारते. इंदूरची सिरपूर आणि यशवंतसागर ही तळी २०२२ पासून रामसर स्थळे, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा, आहेत. २०२५ मध्ये उदयपूरबरोबर इंदूरला पाणथळ शहराचा आंतरराष्ट्रीय मान मिळाला. मला त्याचा अभिमान आहे. पण या शहराच्या तळ्यांबद्दल छापलेला एकेक आकडा कुणालाही ताडून पाहता आला पाहिजे.

सगळी व्यवस्थाच अशी लावली आहे की तपासणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. बढतीला निबंधांची संख्या लागते, निबंधाला नवलाई लागते, अहवालाला यश लागते. जो दुसऱ्याची मोजणी पुन्हा करतो त्याला पदवी नाही, पैसा नाही, आणि कचेरीत गेला तर भांडखोर म्हणून ओळख. मलाही "वो तळेवाली मॅडम" म्हणतात, आणि मी जिन्यात दिसले की दार लागते.

महोदय, सरकारी पैशाने गोळा झालेली माहिती आपण होऊन खुली करावी, असे आपल्याच सरकारचे २०१२ चे धोरण सांगते. नवा कायदा लागत नाही. आपल्या मंत्रालयाच्या पैशातून होणाऱ्या प्रत्येक अभ्यासाचे मूळ तक्ते अहवालाबरोबरच जमा झाले पाहिजेत, नाही तर शेवटचा हप्ता देऊ नये. संशोधनाला पैसा देण्यासाठी २०२३ च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५०,००० कोटींची घोषणा झाली. त्यातला थोडा वाटा जुने अभ्यास पुन्हा करणाऱ्यांसाठी राखून ठेवायला मंत्रिमंडळात आपण बोला. "फरक आढळला नाही" हा निकालही जिथे छापून येईल अशी एक जागा करा. आणि ज्या अहवालाचे तक्ते सापडत नाहीत तो मागे घ्या, त्याच्या जोरावर एकाही नव्या तळ्याला हात लावू नका.

शेवटची विनंती. हे पत्र "आवश्यक कार्यवाहीसाठी" असा शिक्का मारून खाली त्याच कचेरीकडे पाठवू नका. तिथले उत्तर मला मिळालेले आहे. मला आपले उत्तर हवे आहे, आणि मी हे सर्वांदेखत लिहिले आहे म्हणून तेही सर्वांदेखत हवे आहे.

आपली,
प्राणिशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका
इंदूर